संहिता, परवाना आणि पाठभेद

'फ्री सॉफ्टवेअर' या संकल्पनेची सर्वांत मोठी अडचण इंग्रजी भाषेनेच करून ठेवली आहे. 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन्ही अर्थ तिथे एकाच शब्दात नांदतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. प्रश्न किमतीचा नसून स्वातंत्र्याचा आहे, हे त्यांना पुढे पुनःपुन्हा सांगावे लागले. मराठीत दोन शब्द वेगळे असूनही आपल्या महाविद्यालयांत या विषयाची चर्चा होते ती खरेदी समितीच्या बैठकीत, बचतीची बाब म्हणून. बचत होते हे खरेच. पण साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे संहितेचा प्रश्न म्हणून पाहायला हवे.

वापरण्याचे, अभ्यासून बदलण्याचे, प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रती वाटण्याचे अशी चार स्वातंत्र्ये स्टॉलमन सांगतात. यांतील बदलाशी निगडित स्वातंत्र्ये मूळ संहिता, म्हणजे माणसाने लिहिलेली आणि माणसाला वाचता येणारी आज्ञावली, हाती असल्याशिवाय निरर्थक ठरतात.

माझा प्रबंध महानुभाव गद्यावरचा. त्यासाठी फलटणला वारंवार जाणे होई. सकळ लिपीचा परिचय तेव्हाचा. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे वा चिन्हे योजणाऱ्या अशा सांकेतिक लिप्यांमुळे पंथाचे ग्रंथ शतकानुशतके बाहेरच्या वाचकाला बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांना किल्ली सापडली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. या साऱ्याचे विवेचन करणारा तो प्रबंध २००७ साली सांगलीतील एका डीटीपी केंद्रात जुळवला गेला, आणि आज त्याची फाइल उघडली की रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरी जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकृत्या बसवण्याची पद्धत नंतरही अनेक वर्षे चालू राहिली. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर मजकूर नाही. पंथाचा हेतू रक्षणाचा होता, इथला व्यापाराचा. वाचकाच्या वाट्याला येणारी स्थिती मात्र एकच.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो: कोणालाही बदल करू दिला तर संहितेचे काय उरेल? आपल्या परंपरेत हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये, असे बजावले. पण त्यांचा रोष बदलापेक्षा अनामिक प्रक्षेपावर होता, असे मला वाटते. पाठ निवडताना बदल तर त्यांनी स्वतःच केला. १९८९ च्या ग्नू परवान्यात नेमकी हीच दक्षता आहे: बदल करा, परंतु तो केल्याची आणि केव्हा केल्याची नोंद संहितेत ठेवा, आणि पुढच्याला तोच अधिकार द्या. काही मुक्त फॉन्टांच्या परवान्यात तर बदललेल्या आवृत्तीला मूळ नाव लावू नये, अशी अट असते. पाठचिकित्सेच्या वर्गात हे परवाने लावायला हरकत नाही. (अभ्यास मंडळाला ते पटणार नाही, हे वेगळे.)

युनिकोडने सर्व प्रश्न मिटले, हा समजही अर्धवटच. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना', 'दर्या' आणि 'दऱ्या' हे भेद मराठीचे आहेत. हिंदीला त्यांची गरज पडत नाही. हिंदीचा विचार करून घडवलेल्या फॉन्टात ते चुकले, तर महाबळेश्वरच्या दऱ्यांचा समुद्र होतो. फॉन्ट बंदिस्त असेल तर विक्रेत्याला पत्र लिहून वाट पाहायची. एक टाइपचा 'मुक्ता' किंवा मुंबई आयआयटीचा 'शोभिका' यांसारख्या मुक्त फॉन्टांत असे काही आढळले, तर ते दुरुस्त करून वाटण्याची मुभा आधीच दिलेली आहे.

ती मुभा वापरणारा माणूस मात्र लागतो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. सातारा-सांगलीच्या मराठी विभागांतून तिकडे कोणी गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. यंदा एम.ए.च्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन जायचे ठरवले आहे. बरोबर माझी ती फाइल आणि चुकलेल्या 'ऱ्य'ची यादी असेल.