बिडी किती, मिश्री किती

क्लोझापिन या मनोविकारावरच्या औषधाचा डोस बसवण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो. पेशंटची तर्जनी आणि मधलं बोट किती पिवळं आहे ते बघायचं, सकाळी उशी लाळेनं किती भिजली ते बघायचं आणि गोळी वाढवायची की कमी करायची ते ठरवायचं. या नजरेचा मला गर्व होता आणि अजूनही आहे. तो थोडा हलवला यंदा आलेल्या रेसिडेंट मुलीनं. माझ्या केसपेपरवर 'तंबाखू: आहे' एवढंच लिहिलेलं बघून ती म्हणाली, "सर, बिडी की मिश्री?"

तिचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मिश्रीनं आणि चुना लावून मळलेल्या तंबाखूनं तोंडाची वाट लागते, पण क्लोझापिनच्या पातळीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. फरक पाडतो तो धूर. जळणाऱ्या पानातून निघणारी पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स यकृताला सीवायपी-वन-ए-टू हे एन्झाइम जादा बनवायला लावतात आणि ते क्लोझापिन, ओलान्झापिन, दम्याचं थिओफायलिन, एवढंच काय चहा-कॉफीतलं कॅफीनसुद्धा भराभर संपवतं. निकोटिनचा यात हात नाही. म्हणून व्यसनमुक्तीवाले निकोटिनचा च्युइंगगम हातात देऊन सिगारेट सोडवतात तेव्हा तलफ भागते, पण यकृताला कळतं की धूर थांबला. जादा झालेलं एन्झाइम दीड-पावणेदोन दिवसांत निम्म्यावर येतं. गोळी तीच, पण आठवड्याभरात रक्तातलं औषध दीडपट होतं, काहींचं दुप्पटही. सुस्ती, लाळ, बद्धकोष्ठ आणि नशीब वाईट असेल तर फिट. सिगारेट सुटल्याचं अभिनंदन सगळे करतात, पण मानसोपचारतज्ज्ञाला दोन ओळींची चिठ्ठी कुणी पाठवत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

नातेवाईक कौतुकानं सांगतात, "डॉक्टरसाहेब, निम्म्यावर आणलीय." चांगलंच आहे. पण दिवसाला दहाएक सिगारेटींतच एन्झाइम जवळजवळ पूर्ण चढलेलं असतं. विसाच्या दहा झाल्या तर माझ्या डोसाला फारसं काही होत नाही. दहाच्या शून्य झाल्या की सगळं बदलतं.

आणि माझं घोडं अडतं ते नेमकं इथे, दरवर्षी, प्रत्येक डिस्चार्जला. 2 ऑक्टोबर 2008पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आली. त्याआधी आमच्या वॉर्डामागच्या भिंतीशी बिड्या चालत. ते वाईटच होतं, पण वॉर्डात बसवलेला डोस घरीही टिकायचा. आता पेशंट आत असतो तेव्हा धूर नाही. दोनशे मिलिग्रॅमवर माणूस शांत होतो, जेवतो, आईशी बोलतो. घरी जाताना एसटी स्टँडवर पहिलं बंडल घेतो. एन्झाइम पुन्हा चढतं आणि थोड्याच दिवसांत आवाज परत ऐकू यायला लागतात. मग दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टर लिहितात, 'पेशंट औषध घेत नाही'. आई शपथेवर सांगते की गोळी मी स्वतः भरवते, पण तिचं कोण ऐकतं? या एका शेऱ्यानं किती प्रामाणिक माणसं खोटी ठरली असतील! बरं, बिडी ओढणारच हे धरून आधीच डोस वाढवून दिला आणि त्यानं खरंच सोडली, तर तो गुंगीत पडून राहणार.

आमची ही मुलगी म्हणते, नजर ठेवा बाजूला, रक्तातली पातळी तपासू. साडेतीनशे नॅनोग्रॅमच्या आसपास असली की बहुतेकांना गुण येतो, हे मलाही ठाऊक आहे. पण नमुना शहरात जातो आणि रिपोर्ट येईपर्यंत माणसाची बिडी कमी-जास्त झालेली असते. तरी तिचं पटतं: घरी गेल्यावर दहाएक दिवसांनी, सकाळच्या गोळीआधी एक नमुना हवाच. न पटणारी गोष्ट एकच. कार्डावर दोन डोस लिहावेत, बिडीसह आणि बिडीविना, असं तिचं म्हणणं. दमलेल्या घरात दोन आकडे असलेलं कार्ड मला धोक्याचं वाटतं.

शनिवारी एकाला घरी सोडायचं आहे. अडीचशे लिहायचं की तीनशे, यावर आमचं अजून जमलेलं नाही. त्याच्या आईला मात्र तिनं सांगून ठेवलंय, "मावशी, त्यानं बिडी पेटवली की त्याच दिवशी फोन करा. त्याला कुणी रागावणार नाही."