आठ रेघांचा गुंता

एप्रिल 2024 मध्ये झायलॉग कंपनीने 40 पायांचा झेड80 प्रोसेसर बंद करत असल्याचं कळवलं. 1976 पासून बाजारात असलेली ही चिप. डिप्लोमाला आम्ही 8085 च्या ट्रेनर किटवर हेक्साडेसिमल आकडे बडवले, झेड80 मात्र पुस्तकातच राहिला. बातमी वाचली आणि वाटलं, आता नाही तर कधीच नाही. शनिवारी डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवरून खरेदी: झेड80, 32 केबीची रॅम, तेवढाच ईईप्रॉम, सिरियल पोर्टची एक चिप, आयसी बेस, मूठभर 104 चे सिरॅमिक कपॅसिटर आणि एकाच बाजूला तांबं असलेली कॉपर क्लॅड शीट.

या भागांतून जोडलेला छोटा कॉम्प्युटर ब्रेडबोर्डवर चालला. पण नुसता धक्का लागला तरी एखादी वायर सैल व्हायची, म्हणून पीसीबी करायचा ठरवला, तोही घरी. बाहेरून करून घेतला तर दोन थर, हिरवा मास्क, पांढरी अक्षरं सगळं मिळतं. मला मात्र ट्रॅक कसे न्यायचे ते स्वतः शिकायचं होतं.

त्यासाठी किकॅड हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं. 1992 मध्ये फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते सुरू केलं, पुढे सर्न प्रयोगशाळेनेही त्याला हातभार लावला. सर्किट काढून बोर्डाच्या पानावर आणलं की जे पाय जोडायचे आहेत त्यांच्यामध्ये बारीक रेषांचं जाळं दिसतं. 16 अ‍ॅड्रेस लाइन, 8 डेटा लाइन, वर कंट्रोलच्या लाइन. कल्याणहून आलेला भाचा पडद्याकडे बघून म्हणाला, "मामा, ऑटोराउटर लाव ना. चहा होईपर्यंत तयार."

ट्रॅक आपोआप आखणारा तो प्रोग्रॅम लावला. चहा झाला, बोर्ड झाला नाही. दोन थरांवर ऑटोराउटर छान चालतो, एका थरावर तो अर्ध्या लाइन तशाच सोडून देतो. कारण एकाच थरावर दोन ट्रॅक एकमेकांना छेदून जाऊच शकत नाहीत. डोंबिवलीकराला हे निराळं समजवायला नको. रुळांच्या अलीकडे पूर्व, पलीकडे पश्चिम. ओलांडायचं तर पूलच हवा, आणि कोपर पूल 2019 ते 2021 बंद होता तेव्हा एक पूल कमी झाला की काय होतं ते गावाने पाहिलंय. बोर्डावरचा पूल म्हणजे जंपर, वरच्या बाजूने टाकलेला तारेचा तुकडा. चार-सहा चालतात. पन्नास झाले तर मग ब्रेडबोर्ड काय वाईट होता?

मी लॅपटॉप बाजूला ठेवला, सगळ्या चिपांचे मूळ मापाचे प्रिंट काढले, कात्रीने कापले आणि जेवणाच्या टेबलावर मांडायला घेतले. फिरव, सरकव, उलटं कर. पहिली गोष्ट लक्षात आली ती मेमरीची. 62256 रॅम आणि 28सी256 ईईप्रॉम यांचे 28 पाय अगदी एकाच क्रमाने आहेत. दोन्ही चिपा एका रांगेत, एकाच दिशेने ठेवल्या की एकीच्या पायापासून दुसरीच्या त्याच पायापर्यंत ट्रॅक सरळ धावतो, मधल्या पॅडांना बगल देत. पायांमधलं अंतर 2.54 मिमी. पॅड 1.3 मिमी रुंद धरला तर मध्ये 1.24 मिमी जागा उरते. त्यातून 0.4 मिमीचा एक ट्रॅक जातो, दोन्हीकडे 0.42 मिमी मोकळं राहतं. इस्त्रीने छापलेल्या बोर्डाला एवढं झेपतं, दोन ट्रॅक झेपत नाहीत.

खरा गुंता प्रोसेसरपाशी होता. झेड80 च्या सातव्या पायापासून मोजत गेलं तर डेटा लाइन अशा येतात: डी4, डी3, डी5, डी6, मध्येच 5 व्होल्ट, मग डी2, डी7, डी0, डी1. मेमरीवर मात्र त्या ओळीने, डी0 ते डी7. आठ रेघा, आणि जिकडे बघावं तिकडे छेद.

बराच वेळ डोकं धरून बसल्यावर उजेड पडला. रॅमला डी0 काय आणि डी5 काय, कशाचंच सोयरसुतक नसतं. ज्या तारेवरून बिट आत जातो त्याच तारेवरून तो बाहेर येतो. लिहितानाचा क्रम आणि वाचतानाचा क्रम एकच असला की झालं. म्हणजे या आठ रेघा सोयीच्या क्रमाने जोडायला कसलीच आडकाठी नाही! अ‍ॅड्रेस लाइनचंही तेच. फक्त ए15 ला हात लावायचा नाही, कारण ती 0 असली की ईईप्रॉम आणि 1 असली की रॅम, ही निवड तिच्यावर आहे.

ईईप्रॉमचं तसं नाही. त्यातला प्रोग्रॅम बाहेर प्रोग्रॅमरवर भरलेला असतो, तिथे क्रम महत्त्वाचा. भाचा म्हणाला, "मग फाइलमधलेच बिट उलटसुलट करून भरू की." त्याने पायथनच्या चार ओळी लिहिल्या आणि प्रश्न मिटला. सिरियल चिपला मात्र खरा क्रमच लागतो; तिचे रजिस्टर ठरलेल्या बिटांवर बोलतात. तिथे जंपर पडले ते पडले. तरी एकूण जंपर पहिल्या आराखड्याच्या निम्म्याहून खाली आले. काही ट्रॅक लांब वळसा घेऊन जातात, पण त्याने बिघडत नाही. बोर्डावर सिग्नल 1 नॅनोसेकंदात साधारण 15 सेंमी जातो, आणि 4 मेगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका 250 नॅनोसेकंदांचा. प्रत्येक चिपच्या 5 व्होल्टच्या पायाला चिकटून एक 104 आणि जाडजूड ग्राउंड, एवढी शिस्त पुरली.

पुढचं काम हाताचं. खालच्या तांब्याचा आराखडा किकॅडमध्ये वरून आरपार पाहिल्यासारखा दिसतो, म्हणून तो उलटा न करता गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने काढायचा. कागद तांब्यावर पालथा घातला की आपोआप सुलट बसतो. वरून इस्त्री, मग पाण्यात भिजवून कागद चोळून काढायचा. एचिंग गॅलरीत केलं. बोर्ड कोमट फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून प्लास्टिकचा ट्रे हळूहळू हलवत राहिलं की उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं टिकतं. उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. एमआयडीसीच्या नाल्यांचे रंग पाहणाऱ्या गावात तर नाहीच नाही. त्यात धुण्याचा सोडा टाकला की तांबं गाळ होऊन तळाशी बसतं. तो वाळवून वेगळा ठेवला.

मल्टीमीटर बीपवर लावून शेजारशेजारचे ट्रॅक तपासले. एका जागी केसाएवढं तांबं दोघांना जोडून होतं, ते ब्लेडने खरवडलं. सोल्डरिंग झालं, चिपा बसवल्या, आणि लॅपटॉपच्या टर्मिनलवर मॉनिटर प्रोग्रॅमचा प्रॉम्प्ट आला. रॅमची तपासणीही पास झाली, आतले बिट भलत्याच क्रमाने बसलेले असूनही.

इतकी वर्षं मी समजत होतो की आधी सर्किट पक्कं होतं आणि मग बोर्ड निमूटपणे त्याच्यामागे जातो. इथे बोर्डाने सर्किट बदलायला लावलं. कुठली जोडणी खरोखर गरजेची आणि कुठली नुसती सवयीची, हे जागेची चणचण पडल्याशिवाय मला कळलं नसतं. भाच्याच्या डोक्यात आता मेमरी कार्डचा बोर्ड आहे, दोन थरांचा. मी त्याला सांगितलंय, आधी एका थरावर मांडून दाखव.