'चांगल्या स्थितीत' म्हणजे काय?

मागच्या उन्हाळ्यात मी एम.ए.च्या काळातला लॅपटॉप ऑनलाइन विकायला काढला. जाहिरातीत लिहिलं, 'चांगल्या स्थितीत'. बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं टिकते, हे लिहिलं नाही. परतूरच्या एका विद्यार्थिनीने आठ हजारांना घेतला. चौथ्या दिवशी तिचा मेसेज आला, "दादा, लाइट गेली की थोड्या वेळात बंद पडतो. अभ्यास कसा करू?"

मी उत्तर दिलं, जुनी वस्तू आहे, परत घेत नाही.

वस्तीतल्या लोकांना ग्राहक आयोगाचे अर्ज लिहून देणारा माणूस मीच!

कायद्याने मी सुटलोही असतो. 2020 चे ई-कॉमर्स नियम घरातली एखादी वस्तू विकणाऱ्याला लागू नाहीत. जुने मोबाईल दुरुस्त करून ॲपवर नियमित विकणाऱ्या आपल्या पोरांना मात्र लागू आहेत. वस्तू सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघाली, तर ती परत घ्यायला त्यांना नकार देता येत नाही. मित्रांनो, मी मात्र पळवाट शोधत होतो, कारण पैसे खर्च झाले होते.

शेवटी ती वडिलांसोबत जालना बस स्टँडवर आली. मी सिरीयल नंबर जुळवला, व्हिडिओ काढला. म्हणजे संशय घेणाराही मीच. अर्धे पैसे तिथेच दिले, उरलेले पगार झाल्यावर. त्यांचं बसभाडं दिलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

वडील एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर थोडे कमी लावून घेतला असता की."

नव्या जाहिरातीत बॅटरीचं आधी लिहिलं. साडेपाच हजारांना गेला.