स्वगतीचे शिक्षण आणि पेशीचे आकलन

विद्यार्थ्याने मजकूर, चित्रफिती आणि प्रश्न यांच्या आधारे स्वतःला झेपेल त्या वेगाने पुढे जावे आणि एक घटक पक्का झाल्याखेरीज पुढच्या घटकाला हात घालू नये, ही कल्पना इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ब्राझिलिया विद्यापीठात या तत्त्वावर अध्यापनाची एक पद्धत आखली आणि केलर यांनी १९६८ च्या आपल्या गाजलेल्या लेखात तिची तपशीलवार मांडणी केली. त्या पद्धतीत लिखित मजकुरावर भर होता, व्याख्यानाचे काम उत्सुकता जागवण्यापुरते होते, आणि घटकचाचणी तपासून त्यावर समोरासमोर बोलण्यासाठी तो अभ्यासक्रम आधी पूर्ण केलेला विद्यार्थी नेमलेला असे. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांनी यातील गतीचे स्वातंत्र्य उचलले, परंतु तपासणाऱ्या माणसाची जागा बहुतेक वेळा बहुपर्यायी प्रश्नांना दिली. आणि पेशीविज्ञानासारख्या विषयात, जिथे विद्यार्थ्याच्या मनात कोणते चित्र तयार झाले आहे हे योग्य पर्याय निवडण्यावरून कळत नाही, तिथे हा बदल फार महाग पडतो.

प्रस्तुत लेखिकेचा अनुभव महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या नववीच्या मुलामुलींसाठी चालवलेल्या अशाच एका अभ्यासक्रमाचा आहे. आठवीच्या पाठ्यपुस्तकात पेशी आणि पेशीअंगके यांची ओळख झालेली असते, त्यामुळे या विद्यार्थ्यांना नावे येत होती; केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका, हरितलवक हे शब्द ती न अडखळता सांगत. घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडील कामावरून परतल्यावर हाती येणारा, अशी बहुतेकांची परिस्थिती असल्याने चित्रफिती पाच-सहा मिनिटांच्या आणि कमी डेटा लागणाऱ्या ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक चित्रफितीनंतर फोन बाजूला ठेवून करायचे काही ना काही काम दिलेले होते.

पहिली अडचण घटकांच्या क्रमाची होती. एकावर एक घटक रचत जाण्याची पद्धत असे गृहीत धरते की विषयाला एक पहिली पायरी असते. पेशीला अशी पायरी नाही. केंद्रकाचे काम प्रथिनांशिवाय सांगता येत नाही, प्रथिने रायबोझोमशिवाय होत नाहीत, रायबोझोमचे घटक केंद्रकातच तयार होतात, आणि या सगळ्याला लागणारी ऊर्जा जिथून येते त्या तंतुकणिकांची बहुतेक प्रथिने पुन्हा केंद्रकातील माहितीवरूनच बनतात. पेशीभित्तिकेपासून सुरुवात करून एकेका अंगकाला एकेक परिच्छेद देणारा नेहमीचा क्रम हे वर्तुळ तोडून त्याची यादी करतो, आणि यादी पाठ होते. म्हणून अंगकांऐवजी घडामोडी हे घटक मानले गेले: पाणी पेशीत कसे येते-जाते, एक प्रथिन कसे तयार होऊन बाहेर पडते, आणि एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात.

प्रथिनाच्या घटकासाठी इन्सुलिन निवडले होते, कारण ते नाव बहुतेक घरांत परिचयाचे असते. स्वादुपिंडातील बीटा पेशींच्या केंद्रकात इन्सुलिनच्या जनुकाची नक्कल उतरवली जाते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती केंद्रकाबाहेर येते आणि आंतर्द्रव्यजालिका या पटलांच्या जाळ्यावर बसलेले रायबोझोम तिच्यानुसार अमिनो आम्लांची साखळी गुंफतात. ही साखळी जालिकेच्या पोकळीत शिरून घडी घेते, तेथून गॉल्गी संकुलात जाते, पुटिका नावाच्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरली जाते, तिच्यातील मधला तुकडा कापला जाऊन खरे इन्सुलिन तयार होते, आणि रक्तातील ग्लुकोज वाढले की या पिशव्या पेशीच्या पटलाला मिळून आतील इन्सुलिन बाहेर सोडतात. या एका प्रवासात यादीतील बहुतेक नावे येतात, पण प्रत्येक नाव कुठल्यातरी कामाच्या निमित्ताने येते. विद्यार्थ्यांचे प्रश्नही त्यामुळे बदलले. इन्सुलिनचे जनुक त्वचेच्या पेशीतही आहे का, आणि असेल तर तिथे इन्सुलिन का होत नाही, हा प्रश्न नववीतील मुलांनी आपणहून विचारला. जनुक जवळपास प्रत्येक पेशीत असते पण ते सर्वत्र वापरले जात नाही, या उत्तरापासून विकासाच्या जीवशास्त्राचे मोठे दार उघडते. ते या वयात किलकिले झाले तरी पुष्कळ.

दुसरी अडचण मोजमापाची, आणि ती पडद्याने निर्माण केलेली. फोनवर जीवाणू, तांबडी रक्तपेशी आणि रायबोझोम हे तिन्ही सारख्याच आकाराचे दिसतात, कारण प्रत्येक चित्र पडदा भरून येते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग, ही व्याख्या पाठ करून हा गोंधळ मिटत नाही. त्यासाठी अंगणात खडूने एक लाख पटींनी वाढवलेले चित्र काढायचे काम दिले गेले. साधारण साडेसात मायक्रोमीटर व्यासाची तांबडी रक्तपेशी या प्रमाणात पाऊण मीटरचे वर्तुळ होते. दोन मायक्रोमीटर लांबीचा जीवाणू जेमतेम वीतभर येतो. रायबोझोम मोहरीच्या दाण्याएवढा ठरतो, आणि कांद्याच्या पापुद्र्यातील पाव-अर्धा मिलिमीटर लांबीची पेशी अंगणात मावतच नाही. प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीला वेढणारे नाजूक आवरण, सात-आठ नॅनोमीटर जाडीचे असल्याने या चित्रात एक मिलिमीटरही भरत नाही, त्यामुळे खडूची रेघसुद्धा त्याच्या मानाने फार जाड होते. हे मुलांनी स्वतः मोजून काढले. कुणाला या कामाला एक संध्याकाळ लागली, कुणाला चार, आणि ज्यांना चार लागल्या त्यांच्या पुढच्या उत्तरांत मोजमापाची चूक क्वचितच दिसली. स्वगतीच्या शिक्षणाचे मोल वेगाने पुढे जाता येण्यात नाही. जिथे अडायला हवे तिथे वर्ग पुढे निघून न जाता अडून राहता येते, यात ते आहे, आणि असे थांबे नेमके कुठे ठेवायचे हे ठरवणे हे शिक्षकाचे मुख्य काम होऊन बसते.

असा एक थांबा ॲनिमेशनपाशी ठेवावा लागला. ‘द इनर लाइफ ऑफ द सेल’ या २००६ च्या प्रसिद्ध चित्रफितीत कायनेसिन हे प्रथिन सूक्ष्मनलिकेवरून मोठी पुटिका ओढत डौलाने पावले टाकताना दिसते. दृश्य विलक्षण सुंदर आहे आणि आठ-आठ नॅनोमीटरची ती पावले खरी आहेत. परंतु दृश्य स्पष्ट दिसावे म्हणून भोवतालचे पाणी आणि इतर रेणूंची दाटी त्यातून वगळावी लागते. प्रत्यक्ष पेशीत प्रत्येक रेणू शेजारच्या रेणूंचे धक्के खात सतत थरथरत असतो. चित्रफीत पाहिल्यावर मात्र रेणूंना कुठे जायचे ते ठाऊक असते अशी समजूत मुलांच्या मनात बसते, आणि त्या समजुतीतून आलेली उत्तरे पुढे परासरणाच्या घटकात मिळतात. परासरण म्हणजे निवडक्षम पटलातून पाण्याचे निव्वळ वहन. मिठाच्या पाण्यात बटाट्याचे काप मऊ का पडतात, किंवा कोशिंबिरीत मीठ घातल्यावर काकडीला पाणी का सुटते, यावर ‘मिठाने पाणी ओढून घेतले’ हे उत्तर सर्रास येते. वास्तविक पाण्याचे रेणू पटलाच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करत असतात. मीठ विरघळलेल्या बाजूने आत येणाऱ्या रेणूंची संख्या बाहेर जाणाऱ्यांपेक्षा कमी पडते, म्हणून एकूण पाणी बाहेर जाते. ओढणारे कुणी नसते. हे पटण्यासाठी पातळ केलेल्या दुधाचा थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शीखाली चारशे पटींनी मोठा करून पाहणे उपयोगी पडले, कारण त्यातील स्निग्ध पदार्थाचे बारीक कण न थांबता थरथरताना दिसतात. परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची अशीच हालचाल १८२७ मध्ये अभ्यासणारे रॉबर्ट ब्राउन यांनीच १८३१ मध्ये पेशीतील केंद्रकाला त्याचे नाव दिले, हा योगायोग मुलांना सांगण्याजोगा आहे.

‘ओढून घेतले’ हे उत्तर बहुपर्यायी प्रश्नांनी कधीच उघड केले नसते. पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा असलेल्या चाचणीत चौदा वर्षांचे चलाख मूल तिसऱ्या खेपेला योग्य पर्यायापर्यंत पोहोचतेच. म्हणून प्रत्येक घटकाच्या शेवटी, चित्रफीत बंद करून आणि वही मिटून, आपल्या शब्दांत ध्वनिसंदेश पाठवण्याची अट घालण्यात आली. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा ते न पाहता आठवून मांडल्याने आठवड्यानंतरही ते अधिक टिकते, हे मानसशास्त्रज्ञ रोएडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. इथे त्याहून मोठा लाभ असा झाला की वर्गात कधी तोंड न उघडणारी मुले घरच्या बोलीत, मधेच थांबत, स्वतःचे वाक्य स्वतःच दुरुस्त करत बोलू लागली. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतील काही विद्यार्थ्यांनी हे संदेश ऐकून उलट प्रश्न विचारण्याचे काम आनंदाने स्वीकारले, आणि केलर यांच्या पद्धतीतील गाळला गेलेला माणूस अशा रीतीने परत आला.

गतीचे पूर्ण स्वातंत्र्य मात्र या वयात टिकत नाही. तारीख नसलेले काम पुढे ढकलले जाते, त्यात घरकाम, शेतीची कामे आणि परीक्षा यांची भर पडते, आणि दोन आठवडे मागे राहिलेले मूल लाजेने गप्प होते. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र येण्याचा ठरलेला वेळ त्यासाठी अपरिहार्य ठरला. त्यात शिकवले जात नसे, फक्त कोण कुठे अडले आहे ते बोलले जाई.

पेशीविभाजनाच्या घटकासाठी तर शाळेच्या प्रयोगशाळेतच यावे लागले. पाण्याच्या पेल्यावर ठेवलेल्या कांद्याला फुटलेल्या मुळांची टोके सकाळी कापून, सौम्य आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्मिन या रंजकाने रंगवून कव्हरस्लिपखाली अंगठ्याने दाबली की गुणसूत्रे दिसू लागतात. चित्रफितीत विभाजनाच्या चारही अवस्था एकामागोमाग सारख्या ऐटीत येत असल्याने, काचपट्टीवर बहुतेक पेशी विभाजनाविना नुसत्याच गोल केंद्रकाच्या दिसल्यावर मुलांना काचपट्टी बिघडल्याचा संशय आला. तेव्हा प्रत्येकाने दिसतील त्या पेशींची अवस्थेनुसार मोजणी करून आपले आकडे सामाईक तक्त्यात भरावेत असे ठरले, आणि पुढील दिवसांत प्रत्येकाने सवडीने आकडे भरले. विभाजन न होणाऱ्या पेशी सर्वांत जास्त, त्यांच्या मागोमाग पूर्वावस्था, आणि मध्यावस्था व पश्चावस्था फारच थोड्या, असे चित्र त्या तक्त्यात उभे राहिले. जी अवस्था जास्त पेशींत सापडते ती जास्त वेळ टिकत असली पाहिजे, आणि म्हणून मेलेल्या, रंगवलेल्या पेशी मोजूनही जिवंत पेशीच्या वेळापत्रकाचा अंदाज बांधता येतो, हे अनुमान एका मुलीच्या ध्वनिसंदेशात प्रथम आले. पुढच्या आठवड्याच्या बैठकीत इतरांनी तिला तिचे आकडे पुन्हा मोजून दाखवायला लावले.