चार टेबलं आणि चहाची वही



घरी स्वतंत्र खोली असताना बाहेर भाड्याने टेबल कशाला घ्यायचं, या एका प्रश्नावर आमच्या घरात महिनाभर चर्चा चालली होती. माझी धाकटी सून ग्राफिक डिझाइनचं काम करते. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावरचे रंग आणि अक्षरं, चाकणच्या कारखान्याचा कॅटलॉग, खोक्यावरचं लेबल, लग्नाची पत्रिका, हे सगळं कुणीतरी बसून आखलेलं असतं ना, ते आखणारी ती. कोविडपासून हे काम ती घरूनच करत होती. दापोडीतच तिच्या ओळखीच्या तिघांनी मिळून एक हॉल भाड्याने घेतला आणि चौथं टेबल रिकामं आहे, येतेस का, असं तिला विचारलं. भाडं अठरा हजार, म्हणजे चौथा हिस्सा साडेचार हजार.

घरातले सगळे म्हणाले, घरात एसी आहे, नेट आहे, गरम जेवण आहे, मग महिन्याला साडेचार हजार पाण्यात का घालायचे? मी बी.कॉम. झालेली बाई. नोकरी केली नाही, पण जमाखर्चाची सवय सुटली नाही. मी काही बोलले नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक आठवडा नोंद ठेवली, की सून कामावरून दिवसात किती वेळा उठते. कुरिअर आला, दूध उतू चाललं, सासऱ्यांचा चष्मा सापडेना, मोलकरीण आली, पाहुणे आले, माझ्याच मोबाईलमधला फोटो उघडेना. सरासरी निघाली चौदा. एकदा उठलं की पुन्हा कामात मन लागायला दहा मिनिटं तरी जातात. चौदा वेळा म्हणजे रोजची एकशे चाळीस मिनिटं, आणि पंचवीस दिवसांचे अठ्ठावन्न तास. ती तासाला चारशे रुपये लावते. म्हणजे घरी बसण्याचं भाडं महिन्याला तेवीस हजारांच्या वर जात होतं, फक्त ते कुणी मागत नव्हतं म्हणून दिसत नव्हतं.

तो कागद मी रात्री सगळ्यांसमोर ठेवला. पुढच्या एक तारखेपासून सून स्टुडिओत जायला लागली.

आता हा सामायिक स्टुडिओ म्हणजे काय, ते सांगते, कारण पुष्कळजणींना ती भागीदारी वाटते. तसं नाही. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, बिल वेगळं, नफा-तोटा वेगळा. एकत्र आहे ते भाडं, लाइट बिल, इंटरनेट, एक मोठा प्रिंटर आणि चहा. एक मुलगी पॅकेजिंगचं करते, ती चिंचवडहून येते. एक मुलगा कासारवाडीचा, तो लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढतो. एक गृहस्थ पंचेचाळिशीचे, ते शिवाजीनगरहून मेट्रोने येतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोडीचं स्टेशन सुरू झालं आणि त्यांना ही जागा सोयीची झाली. चौथी आमची सून. खर्चाची वही मात्र चौघांनी माझ्याकडे दिली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हिशेब करते. सगळ्यांत जास्त वाद चहाच्या रकान्यावर होतात, कारण एक जण दिवसाला पाच कप पितो आणि एक जण फक्त दुपारचा.

वही घेऊन जाण्याच्या निमित्ताने मी तिथे तासभर बसू लागले, आणि लक्षात आलं की ही मंडळी कामाइतक्याच मन लावून काही बिनकामाचे उद्योगही करतात. एकजण आगपेट्यांची जुनी चित्रं जमवतो. कॅरम आहेच. गिऱ्हाइकांच्या गमतीदार सूचना लिहायला भिंतीवर एक फळा आहे. ‘लाल पाहिजे, पण फार लाल नको’ ही त्यातली माझी आवडती. आणि दर शुक्रवारी अक्षरांची शिकार असते. आठवडाभरात रस्त्यावर दिसलेलं एक अक्षर प्रत्येकाने फोटो काढून आणायचं. ट्रकच्या मागचं, रसवंतीगृहाच्या पाटीवरचं, पिठाच्या गिरणीवरचं. आपल्या दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, त्यामुळे हाताने रंगवलेली गावांची नावं या खेळात पुष्कळ येतात. ‘ळ’ कुणी कसा काढलाय यावर अर्धा तास हसणं-भांडणं चालतं.

मी सुनेला म्हटलं, या खेळाचे पैसे मिळतात का ग? ती म्हणाली, आई, मिळतातही. आणि तिने मला मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाची गोष्ट सांगितली. अक्षरं घडवणारे काही जण २०१३ मध्ये एकत्र आले आणि भारतीय लिप्यांचे फॉन्ट बनवू लागले. त्यांचा एक फॉन्ट आहे ‘मोदक’. अक्षरं इतकी गुबगुबीत की मधल्या पोकळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या आहेत. दुसरा आहे ‘बलू’, जंगल बुकातल्या अस्वलावरून. तो अनेक लिप्यांत आहे आणि बहुतेक लिप्यांत अस्वलाला तिथल्या भाषेत भाऊ करून टाकलंय. गुजरातीत बलू भाई, बंगालीत बलू दा, मल्याळममध्ये बलू चेट्टन, तमिळमध्ये बलू तंबी, गुरुमुखीत बलू पाजी, उर्दूत बलू भाईजान. ही थट्टा चार माणसं एका टेबलाभोवती बसल्याशिवाय सुचत नाही. आणि आज हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात. दुकानांच्या पाट्यांवर, पुस्तकांवर ते दिसतात.

त्याच गटाचा आणखी एक फॉन्ट तिने मला संगणकावर उघडून दाखवला, तेव्हा मात्र मी खुर्चीत सरळ बसले. त्याचं नाव ‘जैनी’. कल्पसूत्राच्या १५०३ सालच्या एका हस्तलिखितातल्या अक्षरांवरून तो घडवला आहे, गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे यांनी. पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो, पोथीचा वरघोडा काढतो, वासक्षेप वाहतो. पण त्या पोथीतलं ‘अ’ कसं वळतं, हे मी इतक्या वर्षांत कधी निरखून पाहिलं नव्हतं. शतकानुशतकं वेगवेगळ्या हातांनी लिहूनही त्या अक्षरांनी आपलं वळण राखलं, असं सून सांगत होती. जुन्या पोथ्यांत ‘के’ची मात्रा ‘क’च्या डोक्यावर नसून त्याच्या आधी उभी असते, तिला पडिमात्रा म्हणतात, हेही तिनेच दाखवलं.

मग मला वाटलं, चौघांनी मिळून एका जागी बसून काम करणं आपल्याला नवीन कुठे आहे? लेखक मजकूर लिहायचा आणि चित्राची चौकट कोरी सोडायचा. समासात चित्रकारासाठी बारीक सूचना लिहून ठेवायचा. चित्रकार मागाहून लाल, निळा, सोनेरी रंग भरायचा. खर्च कुणा श्रावकाचा किंवा श्राविकेचा. पोथीच्या शेवटी लेखक लिहायचे, की पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली तोंड घालून हे कष्टाने लिहिलंय, जपून ठेवा. हे मी स्टुडिओत सांगितलं, तर कासारवाडीचा मुलगा मान चोळत म्हणाला, काकू, पाचशे वर्षांत काही फरक पडला नाही!

एक गोष्ट मला तिथे खटकायची. वडापाव वर्तमानपत्रावर ठेवून खायचे. आपल्याकडे अक्षरावर खरकटं सांडणं म्हणजे ज्ञानाची आशातना. मी उपदेश केला नाही. दिवसभर अक्षरंच घडवणाऱ्यांना अक्षराचा मान राखण्याविषयी मी काय सांगणार? पण त्या शुक्रवारी शिकारीत माझा वाटा म्हणून मी घरातली भांडी घेऊन गेले.

आपल्या भांड्यांवरची नावं! याकडे अक्षर म्हणून कुणी पाहतच नाही. माझ्या आईच्या पितळी डब्यावर छिन्नीने ठिपके ठोकून काढलेलं नाव आहे. अक्षर जरा वाकडं, पण जोरकस. माझ्या लग्नातल्या स्टीलच्या पातेल्यांवर मशीनने थरथरत काढलेली नावं आहेत, एका दमात ओढलेली. चौघं त्या डब्यांवर असे वाकले, जणू सोनं सापडलंय. कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसे घेतले. मला विचारत राहिले, नाव घालणारा कुठे बसायचा, अक्षराला किती पैसे घ्यायचा? भांड्यांच्या दुकानाच्या दारातच बसायचा आणि अक्षरं मोजून पैसे घ्यायचा, म्हणून आमच्याकडे आडनावं आखूड व्हायची, हे सांगितल्यावर एकच हशा.

ठसे भिंतीवर लावले, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. ती म्हणाली, आई, या अकरा भांड्यांत बाईचं नाव एकाच भांड्यावर आहे. बाकी सगळी देणाऱ्याची नावं, वडिलांची, काकांची, मामांची. ज्या हातांनी ती भांडी चाळीस वर्षं घासली, त्यांचं नाव नाही. मी भांडी मोजली. खरंच एकच होतं, माझ्या आजीचा तांब्या.

पुढच्या शुक्रवारी चिंचवडच्या मुलीने जी शिकार आणली, ती आपल्या गावाचीच निघाली. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने दापोडीचा बंगला सरकारसाठी घेतला आणि तिथे वनस्पतींची बाग केली. पुढे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन त्या बागेचा प्रमुख होता. त्याने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडाफुलांची दीडशेच्या वर चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडला एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत, आणि २००२ मध्ये त्यांवर हेन्री नोल्टी यांचं मोठं पुस्तकही निघालं. माल्कमचं नाव आहे, गिब्सनचं आहे. चित्रकार मात्र पोर्तुगीज वळणाचा हिंदी माणूस, एवढीच ओळख. नाव नाही. पाकळीची शीर न् शीर ज्याने काढली, तो दापोडीत राहून गेला आणि बेनाव झाला. त्या दिवशी कुणी फार हसलं नाही.

हे सगळे खेळ हौसेचे. पण त्यांचं मोल मला गेल्या पावसाळ्यात कळलं. कासारवाडीच्या मुलाचे एका कंपनीकडे पाच महिन्यांचे पैसे अडकले. तीन महिने त्याचा भाड्याचा रकाना माझ्या वहीत कोरा राहिला. कराराने एकमेकांशी बांधलेले नसलेल्या लोकांनी काय केलं असतं? दुसरा माणूस शोधला असता. या तिघांनी त्याचा हिस्सा वाटून घेतला आणि मला सांगितलं, काकू, थकबाकी असं लिहू नका, ‘येणे’ असं लिहा. जो माणूस दर शुक्रवारी तुमच्याबरोबर ‘ळ’वर भांडतो, त्याला भाड्यासाठी घालवता येत नाही.

मी माझ्या परीने एक केलं. त्याला उद्यम नोंदणी करायला बसवलं. ती फुकट असते. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आपल्या घरातल्या मुली-सुना घरून शिवणकाम, डिझाइन, खाऊचे पदार्थ असं काही करत असतील, तर त्यांनीही ही नोंदणी करावी, आणि ती काम घेण्याआधी करावी. त्या मुलाचे जुने पैसे दिवाळीनंतर निम्मे आले, निम्मे अजून येणे आहेत. तिघांचा हिस्सा मात्र त्याने पैन् पै फेडला.

सून संध्याकाळी साडेपाचला डबा उघडते, कारण चातुर्मासात तिचा चौविहार असतो. आता बाकीचे तिघंही त्याच वेळेला खातात. खाखरा सर्वांना आवडतो, म्हणून मी दोन पाकिटं जास्त देते आणि ती वहीत लिहीत नाही. वर्तमानपत्र बंद झालंय. सुनेने स्टीलच्या चार ताटल्या आणल्या आणि ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात त्यावर नावं घालून आणली.

मैत्रिणींनो, आपल्या घरातली सून किंवा लेक कामासाठी बाहेर टेबल मागत असेल, तर आधी आठवडाभर कॅलेंडरच्या मागे नोंद करा आणि मग बोला. तिथे ती काही वेळ हसण्या-खेळण्यात घालवत असेल, तर तोही हिशेबात कामाच्याच बाजूला लिहा. मी गेल्या ज्ञानपंचमीला पोथी आणि लेखणीच्या शेजारी आजीचा तांब्याही पाटावर मांडला होता. यंदा सुनेची ताटली मागून घेणार आहे.