ढवळ्या, पवळ्या आणि पॉलिस्टर

रंग या विषयाशी माझा संबंध बेताचाच. मी बी.कॉम. आमच्या शास्त्रात रंग दोन : निळी शाई आणि लाल शाई. निळ्या शाईनं आपण लिहायचं आणि लाल शाईनं साहेबांनी त्यावर खूण करायची. बँकेत कॉम्प्युटर आले आणि तेवढेही रंग आयुष्यातून गेले. घरी रंगांचं खातं सौभाग्यवतींकडे आहे. साडीच्या दुकानात "हा राणी बरा की हा मजेंटा?" असा प्रश्न आला की मी "दोन्ही छान" म्हणतो. या उत्तरानं वीस वर्षांत एकदाही माझं भलं झालेलं नाही.

अशा माणसाला रंगशास्त्राचे धडे घ्यावे लागले, ते पुतण्यामुळे.

आमचं मूळ गाव शेळगाव, तालुका इंदापूर. थोरले बंधू, म्हणजे अण्णा, तिथली शेती बघतात. थोडा ऊस, थोडं डाळिंब आणि बाकी सगळी काळजी, असं त्यांचं पीक असतं. पुतण्यानं मात्र शेतीत मन न रमवता गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये टी-शर्ट छापायचा धंदा काढला. भांडवलासाठी तो माझ्याकडे आला. चुलता बँकेत आहे म्हणजे बँक चुलत्याची आहे, असा आमच्याकडे समज आहे. मी त्याला मुद्रा योजना समजावून सांगितली. २०१५ साली निघालेल्या या योजनेत पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला 'शिशु' म्हणतात, त्याच्या वर 'किशोर' आणि त्याच्याही वर 'तरुण'. नावं ठेवणारा माणूस आशावादी असला पाहिजे. मी पाहिलंय, 'शिशु' घेणारासुद्धा पहिल्या हप्त्याच्या तारखेला एकदम वयस्कर दिसायला लागतो.

तर पुतण्याला कर्ज मिळालं. लाकडी चौकटी आल्या, त्यांवर ताणलेलं जाळीदार कापड आलं, शाई ओढायचं रबर आलं, शाई पक्की करायचा हीटर आला. शेजारच्या म्हशीनं दोन दिवस दूध कमी दिलं, पण धंदा सुरू झाला.

पहिली मोठी ऑर्डर आली ती पालखीची. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते, बेलवाडीला गोल रिंगण होतं आणि पुढं अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. आमच्या टापूतलं प्रत्येक पोर त्या दिवशी रस्त्यावर असतं. कुणी पाणी वाटतं, कुणी चहा, कुणी पाय दाबतं. तिथल्या एका तरुण मंडळाला एकशे वीस टी-शर्ट हवे होते. रंग डाळिंबी, त्यावर पाठीला पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'सेवेकरी'. कापड पॉलिस्टरच पाहिजे. पावसाचे दिवस, अंगावर भिजलं तरी अंगावरच वाळावं.

पॉलिस्टर म्हटल्यावर मला वडिलांचा टेरिलिनचा शर्ट आठवला. लग्नकार्य आणि कोर्टाची तारीख अशा दोनच प्रसंगी तो ट्रंकेतून निघायचा. चार महिने घडीत ठेवला तरी त्याला सुरकुती नसे. आमच्या घरात परिस्थितीनं न चुरगळलेली तेवढी एकच वस्तू होती. हा धागा १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनतज्ज्ञांनी शोधून काढला. गंमत म्हणजे ते दोघं नोकरीला होते 'कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन'मध्ये. म्हणजे कापड छापणाऱ्यांच्याच पदरी! पुढं जगभरच्या छापणाऱ्यांना ज्यानं रडवलं, ते पोर त्यांच्याच घरात जन्मलं होतं.

छपाईचा मुहूर्त रविवारचा. मी देखरेखीला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण नोकरदार माणसाला रविवारी हुकूम सोडायला दुसरं गिऱ्हाईक नसतं. पुतण्या चौकट ठेवायचा, रबर ओढायचा, चौकट उचलली की डाळिंबी कापडावर दुधासारखी पांढरी अक्षरं! मग हीटर. मी म्हटलं, "जरा जास्तच तापव. कच्चं राहायला नको. एकदाच काय ते पक्कं होऊ दे."

"तात्या, जास्ती नको व्हायला."

"अरे, वीट जितकी भाजावी तितकी पक्की," मी म्हणालो. मला विटांतलं काही कळत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण गरमागरम टी-शर्ट इकडंतिकडं पसरलेले पाहून माझा कॅशियरचा हात शिवशिवला. मी ते गोळा केले, कडेला कड लावली, वीस-वीसच्या तीन गड्ड्या केल्या, सुतळीनं करकचून बांधल्या आणि वर चिठ्ठ्या लावून सही ठोकली. साठ नग. बाकीचे साठ पुतण्यानं सोमवारी संध्याकाळी छापून काढले.

मंगळवारी दुपारी कामाच्या गर्दीत त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"तात्या, गुलाबी झालं."

"काय गुलाबी झालं?"

"सेवेकरी."

संध्याकाळची गाडी धरून गेलो. रविवारच्या साठांवरची पांढरी अक्षरं गुलाबी झाली होती. तीही सारखी नाही. गड्डीच्या वरची फिकट, पोटातली पार रसवंतीतल्या सरबतासारखी. जितकी माझी गड्डी घट्ट, तितका गुलाबी रंग गडद. चिठ्ठीवरची माझी सही तेवढी कोरी राहिली होती. वहिनी दारात उभ्या होत्या. टी-शर्टच्या कापडाला त्यांच्या भिशीचे पैसे गेले होते, हे मला तेव्हा कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, चहा ठेवू का?" हिशेब विचारला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवारचे साठ मात्र अजून पांढरे होते. माझ्या डोक्यात बँक जागी झाली. मी पुतण्याला बाजूला घेतलं. "हे साठ आत्ता देऊन टाक. पावती घे, पैसे घे. उद्या गुलाबी झाले तर त्यांच्या घरी झाले." वाचकहो, वीस वर्षं इमानानं नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं. चेक परत यायच्या आत खात्यातून रक्कम काढून नेणाऱ्यांकडे मी काउंटरवरून ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं पुतण्यानं माझ्याकडे बघितलं.

"तात्या, त्या दिवशी रस्त्यावर समदी आपलीच माणसं असत्यात. पाठीवर माझं काम घिऊन फिरणार. मी कुठं तोंड लपवू?"

वयानं तो तेवीस वर्षांचा. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी शाखेत एक पेन्शनर काका आले. सोलापूरच्या एका गिरणीच्या रंगखात्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांचं पासबुक छापता छापता मी सगळी हकीकत सांगितली. रांगेतले लोकही ऐकत होते.

"कोणता रंग?" काकांनी डॉक्टरच्या सुरात विचारलं.

"डाळिंबी."

"लाल घराणं सगळ्यात वाईट," ते म्हणाले. "अहो, सुताचा पक्का रंग म्हणजे लग्न लागलेलं असतं, धाग्याशी बांधलेला. पॉलिस्टरचा रंग पोटभाडेकरू. दाबाखाली एकशे तीस अंशांपर्यंत पाणी तापवतात, धागा सैल होतो, रंग आत शिरतो. गार झालं की दार बंद. आत कोंडला, पण बांधला नाही. तुमची प्लास्टिकची शाई पक्की व्हायला किती अंश लागतात?"

"दीडशे-एकशे साठ, म्हणतो पुतण्या."

"झालं! दार उघडलं. रंगाची वाफ होते ती वर येते. शाईत प्लास्टिक मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य असतं, त्यात तो रंग मजेत मुरतो. जितकं तापवाल तितका जास्त."

"पण छापलं तेव्हा तर पांढरंशुभ्र होतं."

"सगळा एकदम येत नाही. कधी तासांनी, कधी आठवड्यांनी. आणि गरम माल एकावर एक रचून ठेवला तर उष्णता आत कोंडते, मग विचारूच नका. गठ्ठा बांधला कुठल्या शहाण्यानं?"

मी पुढचा टोकन नंबर पुकारला.

लहानपणी शाळेत शिकलो होतो, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण रचणाऱ्यानं पॉलिस्टर पाहिलं नव्हतं. इथं सरळ वाणच लागतो. आणि नुसता शेजारी बांधून नव्हे, दोघांना एका गोणीत घालून शेकल्यावर लागतो.

काकांनी स्लिपच्या पाठीवर औषध लिहून दिलं. पहिलं, कमी तापमानाला पक्की होणारी शाई वापरा, एकशे तीस अंशांच्या आसपास भागणारी. दुसरं, तापमान अंदाजानं नको, कापडावर चिकटवायची तापमानपट्टी मिळते. ठरल्या अंशाला तिचा ठिपका काळा होतो. तिसरं, पांढऱ्याच्या खाली आधी एक राखाडी थर छापा. त्यात कोळशाची बारीक पूड असते, वर येणारा रंग ती पोटात घेते. चौथं, छापलेला नग पंख्याखाली गार होईपर्यंत दुसऱ्यावर ठेवू नका. पाचवं, आधी एक नग छापा, दोन दिवस उबेत दाबून ठेवा, आणि मगच पुढं जा.

"पाचवं पहिलं लिहायला हवं होतं," मी म्हणालो.

"लोक वाचतात शेवटी," काका म्हणाले.

आता प्रश्न पैशांचा. नवे एकशे वीस टी-शर्ट आणि शाई मिळून सोळा हजारांच्या आसपास जात होते. माझं एक आवर्ती ठेवीचं खातं होतं, वॉशिंग मशीनसाठी दोन वर्षं साठवलेलं. मी रात्री घरी विषय काढला. प्रस्तावना मोठी केली. १९४१ सालापासून सुरुवात केली. सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या, "गड्डी तुम्ही बांधलीत ना?" मी हो म्हटलं. "मग खातं मोडा." न्यायनिवाडा इतका झटपट आमच्या बँकेत व्हायला हवा.

पालखी रविवारी येणार होती. गुरुवारी पुण्याहून माल आला. दोन दिवस थांबायला सवड नव्हती. एक नग छापून पुतण्यानं तो इस्त्रीखाली गरम गरम दाबला, वर पाटा ठेवला आणि आम्ही रात्रभर मुलाखतीला बसल्यासारखे त्याच्याभोवती बसलो. पहाटे उचललं. पांढरं! शुक्रवारी-शनिवारी काम चाललं. आधी राखाडी 'सेवेकरी', जरा सुकवून त्यावर पांढरा 'सेवेकरी'. पुतण्या दर दहा नगांनी पट्टीचा ठिपका बघे आणि एखादा छाप ताणून बघे. कमी तापवल्यानं शाई कच्ची राहिली तर ताणल्यावर भेगा पडतात, आणि मग रंग नाही लागला तरी धुण्यात अक्षरंच जातात. अण्णांनी गोठ्यातला पंखा आणून लावला. मोकळ्या शेडभर बांधलेल्या दोऱ्यांवर टी-शर्ट एकेक, अंतर राखून, गार होत राहिले. मला कामाची जागा ठरवून दिली होती, शेडच्या बाहेर. सुतळी वहिनींनी लपवून ठेवली होती.

रविवारी पालखी आली. टाळमृदंगाचा गजर, पाऊस भुरभुरत होता. पाण्याचे तांबे घेऊन डाळिंबी पाठी पळत होत्या, आणि पाठीपाठीवर शुभ्र 'सेवेकरी'. मी मुद्दाम जवळ जाऊन बघत होतो. एकानं शेवटी विचारलंच, "पाणी पाहिजे का, आजोबा?" मी पंचेचाळीसचा आहे, पण रागावलो नाही.

मला सारखा तो खालचा राखाडी थर आठवत होता. वरचं पांढरं राहिलं ते त्याच्यामुळे. येणारा सगळा रंग त्यानं पोटात घेतला, आणि तो कुणालाच दिसत नव्हता. मी लगेच स्वतःची तुलना करायला निघालो होतो, की साहेब आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कारकून म्हणजे हाच तो थर. तेवढ्यात वहिनी चहाचं पातेलं घेऊन गर्दीतून गेल्या. मी तुलना मागे घेतली.

गुलाबी झालेले टी-शर्ट वाया गेले नाहीत. डाळिंबाच्या तोडणीला अण्णांकडे येणारी माणसं ते घालतात. सोमवारचे साठही पुढच्या आठवड्यात गुलाबी होऊन त्यांना येऊन मिळाले. पुतण्या दर महिन्याला माझे हजार रुपये फेडतो, एकही हप्ता चुकला नाही. मंडळानं पुढच्या वर्षाचीही ऑर्डर त्यालाच दिली आहे.

वॉशिंग मशीन यायला मात्र अजून वेळ आहे. तोवर रविवारचे कपडे मी धुतो, अंगात गुलाबी 'सेवेकरी' घालून. सौभाग्यवती आतून ओरडतात, "रंगीत आणि पांढरे वेगळे भिजवा हो!"

हे आता मला सांगावं लागत नाही.