कानावरचं झाकण

मुलं परगावी नोकरीला गेली की आईवडिलांच्या पायाला भिंगरी लागते. आमचंही तसंच झालं आहे. चिरंजीव आणि सूनबाई बंगळुरूला, आम्ही दोघं इथे शहापूरला. दीड-दोन महिन्यांतून एकदा राणी चन्नम्मा एक्स्प्रेस ठरलेली. पिशवीत कुंद्याचा डबा, लोणच्याची बरणी आणि ह्यांच्या गोळ्या. रात्रभराचा प्रवास, आणि त्या रात्रीत झोप म्हणाल तर नावालाच. एसीची घरघर, चाकांचा खडखडाट, वरच्या बर्थवरचं घोरणं आणि कोणाच्या तरी मोबाइलवरचा अखंड तमाशा!

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही परत निघालो, तेव्हा चिरंजीवांनी दोन हेडफोन हातात ठेवले. तो कंपनीच्या कामासाठी विमानाने फिरतो. त्याने आपल्यासाठी नवा घेतला आणि त्याचा व सूनबाईचा जुना आमच्याकडे आला. ‘‘आई, हे आवाज खातात. घालून तर बघ,’’ म्हणाला. एक काळा, एक करडा. दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन्ही नामांकित. नावं मुद्दाम लिहीत नाही, उगाच जाहिरात केल्यासारखं व्हायचं. किमती ऐकल्या तेव्हा मात्र मी ते परत त्याच्या हातात देणार होते. एवढ्या पैशांत आमच्या वेळी लग्नातली वाजंत्री आली असती.

आवाज खातात म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून समजून घेतलं. मास्तरणीची खोड जात नाही. हेडफोनला बाहेरच्या बाजूने बारीक माइक असतो. तो गाडीची घरघर टिपतो आणि आतलं यंत्र तिच्या नेमका उलटा आवाज तयार करून कानात सोडतं. झोपाळा आपल्याकडे येत असताना तेवढ्याच जोराने समोरून ढकलला तर तो जागीच थांबतो ना, तसं. पण झोपाळा एका लयीत हलत असेल तरच हे जमतं. म्हणून एसीची घरघर, इंजिनाची गुरगुर, विमानाचा सततचा आवाज हे सगळं छान विरतं. मूल एकदम रडलं, कोणी शिंकलं, चहावाला ओरडला की ते यंत्राच्या हाती लागत नाही. तो आवाज अडवायला कानाभोवतीची गादीच काय ती उपयोगी.

कल्पना तशी जुनी. पाउल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला 1936 मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं होतं. पण प्रवाशांच्या कानांपर्यंत ती आली ती अमर बोस यांच्यामुळे. त्यांचे वडील बंगाली, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत असल्यामुळे देश सोडून अमेरिकेत गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक झाला. 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात मिळालेला हेडफोन त्यांनी लावला, तर इंजिनाच्या आवाजापुढे गाणंच ऐकू येईना. तिथेच बसून त्यांनी कागदावर गणित मांडायला सुरुवात केली. वैमानिकांसाठीचा हेडफोन बाजारात यायला 1989 उजाडलं, आणि तुमच्या-आमच्यासारख्या प्रवाशांसाठीचा आला 2000 मध्ये. एका प्रवासातल्या वैतागापायी बावीस वर्षांची मेहनत!

आता दोन्हींची तुलना सांगते. तीनचार प्रवास आलटून पालटून घालून पाहिले आहेत, त्यामुळे अनुभवाचे बोल आहेत.

काळा आवाज जास्त खातो, यात वाद नाही. तो चढवला की डब्यावर कोणीतरी जाड गोधडी टाकावी तसं होतं. पहिल्यांदा तर कानात दडा बसल्यासारखं वाटलं, घाट चढताना वाटतं तसं. दहा मिनिटांत सवय झाली. पण तो डोकं जरा घट्ट धरतो. धारवाड येईपर्यंत काही वाटत नाही, हुबळीनंतर कानाच्या पाळ्या कुरकुरायला लागतात. त्यात माझ्या कानात कुड्या. गादीखाली कुडीचा फिरका असा रुततो की विचारू नका. शेवटी कुड्या काढून पर्समध्ये ठेवायचा नियम केला. चष्म्याचंही तसंच. काडी जाड असेल तर गादी आणि कान यांच्यात फट राहते आणि त्या फटीतून सगळी घरघर आत येते. ह्यांचा जुना जाड काडीचा चष्मा घालून पाहिला, तर एवढा महागाचा हेडफोन साध्यासारखा वागायला लागला. बारीक तारेची काडी असेल तर फारसा फरक पडत नाही.

करडा हाताला हलका लागतो आणि डोक्यावर आहे हे विसरायला होतं. गादी मऊ. अंबाडा घातला असला तरी पट्टी नीट बसते. आवाज खाण्यात काळ्यापेक्षा थोडा कमी, पण रात्रभर घालायचा तर मी करडाच घेते. दोघांचा एक दोष सारखा. कुशीवर झोपायची सोय नाही. उताणं झोपा, नाहीतर बसून राहा. आणि उन्हाळ्यात एसी नसलेल्या डब्यात कान उकडून निघतात.

भाचीकडचे कानात खुपसायचे छोटे बोळेही वापरून पाहिले. त्यांनी कुड्यांचा आणि चष्म्याचा प्रश्नच मिटतो. पण चार्जिंग पाच-सहा तासांत संपतं आणि झोपेत एक निसटला की बर्थखाली चपलांमध्ये शोधत बसा. मोठ्या दोघांचं चार्जिंग वीस तासांच्या वर टिकतं, म्हणजे जाऊन-येऊन होतं.

आणि गाणं? बेळगावात पंडित रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी समोर बसून ऐकलेले हे कान. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एक भजन दोन्हींवर लावून पाहिलं. काळा सगळं भरदार करतो. सिनेमाची गाणी त्यावर बहारदार लागतात, पण भजनात डग्गा पुढे येतो आणि तंबोरा मागे जातो. मोबाइलमधून खर्जाचा आवाज कमी करता येतो, तसा केला की बरं वाटतं. करड्यात गळा समोर येतो. दोन ओळींच्या मधे घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. शास्त्रीय ऐकणाऱ्याने करडा घ्यावा, असं मी म्हणेन.

इथवर सगळं ठीक होतं. आता घडलं ते सांगते. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगायला हवं.

आमचे हे उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत एकतीस वर्षं होते. त्यातली निम्म्याहून जास्त फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा ग्राइंडरने घासायच्या. त्या काळी कानात कापसाचे बोळे घालणाऱ्याला बाकीचे हसायचे. निवृत्त झाले तेव्हा दोन्ही कान बरेचसे गेलेले होते. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, 85 डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्म्यावर आणावा. कानाच्या आत केसासारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातो तो उंच पट्टीचा आवाज. म्हणून ह्यांना कोणी बोलतंय एवढं कळतं, पण ‘स’ आणि ‘फ’ निसटतात. ‘साखर’ म्हटलं की ‘भाकर’ आणून देतात. श्रवणयंत्र आहे, पण गाडीत ते घरघरच मोठी करून ऐकवतं. म्हणून बर्थवर आडवे झाले की हे ते काढून डबीत ठेवतात.

गेल्या फेब्रुवारीत आमचे बर्थ एका डब्यात पण वेगवेगळ्या कप्प्यांत आले. ह्यांना इन्सुलिन चालू आहे. त्या रात्री इंजेक्शन घेतलं, आणि डब्यातल्या दोन चपात्यांतली एक तशीच परत ठेवली. माझ्या लक्षात आलं नाही. मी करडा चढवला, भजन लावलं आणि कित्येक महिन्यांनी गाडीत गाढ झोपले.

रात्री दोनच्या सुमाराला कोणीतरी खांदा हलवला. पलीकडच्या कप्प्यातला एक तरुण मुलगा वाकून उभा होता. हेडफोन काढला तेव्हा त्याचं बोलणं कानात शिरलं, ‘‘अम्मा, निम्म यजमानरु करीतिद्दारे.’’ तुमचे यजमान बोलावताहेत. मी धावले. हे घामाने चिंब, हात थरथरताहेत, ओठ हलताहेत पण शब्द जुळत नाहीत. साखर उतरली होती. ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं माझ्या उशाच्या पिशवीत. ती पाण्यात कालवून घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांत माणसात आले, पण ती पंधरा मिनिटं मला हुबळी ते बंगळुरू एवढी लांब वाटली.

तो मुलगा म्हणाला, ‘‘खूप वेळ हाका मारत होते. मला वाटलं तुम्ही जाग्या आहात, कारण तुमचे डोळे मिटलेले होते पण बोटं हलत होती.’’ भजनाचा ठेका धरला असेल मी झोपेतच.

सकाळपर्यंत मी ह्यांच्या पायाशी बसून राहिले. तुमकुरच्या आसपास उजाडलं तेव्हा ह्यांनी यंत्र कानात घातलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘तुझी काय चूक? तुला ऐकूच येत नव्हतं.’’ मग थोडं थांबून, ‘‘माझं रोज असंच होतं गं.’’

रागाने म्हणाले असते तर सोसलं असतं. गेली दहा-बारा वर्षं मी ह्या माणसाला स्वयंपाकघरातून हाका मारते, उत्तर आलं नाही की भांडं आपटते आणि ‘किती वेळा ओरडायचं’ म्हणून फणकारते. त्यांच्या कानावरचं झाकण त्यांनी हौसेने लावलेलं नव्हतं. पोटासाठी लागलं, आणि त्याला काढायचं बटणही नाही. त्याच पगारावर शिकलेल्या मुलाने मला हे शांततेचं खेळणं आणून दिलं होतं.

घरी आल्यावर दोन्ही हेडफोन कपाटात टाकले. वापरायचेच नाहीत, असं ठरवलं. पण पुढच्या खेपेला परतीच्या गाडीत ह्यांनीच विचारलं, ‘‘तो करडा आणलास का? बघू, मला काय ऐकू येतं.’’ यंत्र काढून ठेवलं, कारण ते कानात ठेवून वरून गादी दाबली की शिट्टी वाजते. आवाज मी बेताचाच ठेवला. उरलेत ते कान जपायला हवेत. कुमारांचं तेच भजन लावलं.

दोन मिनिटं हे नुसतेच बसले. मग बोटं गुडघ्यावर पडायला लागली. ‘‘अगं, बायां! बायां ऐकू येतोय. घुमारा येतोय बघ.’’ एवढ्या मोठ्याने म्हणाले की समोरची बाई दचकली.

तरुणपणी हे गल्लीतल्या भजनी मंडळात तबल्याला बसायचे. गाणाऱ्याचे शब्द कळेनासे झाले, सम चुकायला लागली, तेव्हा एका एकादशीला तबल्यावर खोळ चढवली ती कायमची. चिरंजीवांना फोनवर सांगितलं, तर त्याने कारण सांगितलं. बाबांचा खर्जाचा कान अजून बराच शाबूत आहे. पण गाडीची घरघरही खर्जातलीच, ती डग्ग्याला झाकून टाकते. हेडफोनने नेमकी तीच घरघर काढून घेतली. शब्द अजूनही नीट कळत नाहीत ह्यांना. ‘स’ आणि ‘फ’ काही परत आले नाहीत. पण ठेका चुकला नाही.

आता आमचे नियम ठरले आहेत. घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावेत. बर्थ शेजारी मिळाले नाहीत तर कोणाशी तरी बदलून घ्यायचे. दोघांनी एका वेळी कान झाकायचे नाहीत. बहुतेक चांगल्या हेडफोनमध्ये बाहेरचा आवाज आत घ्यायचं एक बटण असतं. जागेपणी मी ते लावून ठेवते, आणि झोपायची वेळ झाली की हेडफोन काढून ठेवते. ग्लुकोजची पुडी ह्यांच्या खिशात, आणि दुसरी चपाती खाल्ल्याशिवाय डबा बंद होत नाही. दुकानात घेताना पाच मिनिटं घालून हो म्हणू नका. आपला चष्मा, आपल्या कुड्या घालून अर्धा तास तरी बसून पाहा. आणि फायदा घ्यायचा तर आवाज कमी ठेवा. बाहेरचा गोंगाट गेला की गाणं मोठ्याने लावायची गरजच राहत नाही.

घरातही एक बदल झाला आहे. स्वयंपाकघरातून हाक मारणं मी सोडलं. हात पुसून बाहेर जाते, समोर उभी राहते आणि मग बोलते. रविवारी दुपारी हे करडा लावून बसलेले असले की आधी खांद्यावर हात ठेवते. परवा माळ्यावरून तबला उतरवून घेतला आहे. शाई उडाली आहे, वादी सैल झाली आहे. दुरुस्तीला द्यायचा आहे.